माध्यमांच्या तासाला शिकवायचे कशातून?

एका तालुक्याच्या गावी अनुदानित मराठी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या बाईंचे पत्र आले आहे. मुख्याध्यापकांनी यंदा नववीच्या वेळापत्रकात शनिवारचा एक तास ‘माध्यम साक्षरता’ या नावाने घातला आणि तो त्यांच्याकडे सोपवला. संगणक कक्षातले निम्मे संगणक बंद आहेत, नेटचा भरवसा नाही आणि प्रोजेक्टर दहावीच्या जादा तासांना लागतो. इंटरनेटवर सापडलेले बहुतेक पाठ इंग्रजीत आहेत व त्यांतली उदाहरणे अमेरिकेतली किंवा ब्रिटनमधली आहेत. एका कंपनीच्या प्रतिनिधीने चित्रफिती, कार्यपुस्तिका आणि प्रमाणपत्रे असलेला संच दर विद्यार्थ्यामागे शुल्क घेऊन देऊ केला आहे आणि संस्थाचालकांचा कल तो घेण्याकडे आहे. सहकाऱ्यांना भीती वाटते की यातून वर्गात राजकारण शिरेल. पालक म्हणतात की मुलांना मोबाइलपासून लांब ठेवायचे सोडून शाळाच तो शिकवायला निघाली. बाई विचारतात : ‘मोबाइलने बिघडवलेल्या या मुलांना खरे-खोटे ओळखायला शिकवायचे, तर योग्य साहित्य कुठून मिळवू? आणि मोबाइलमधले मुलांनाच माझ्यापेक्षा जास्त कळते, तिथे मी काय शिकवणार?’

प्रिय बाई,

तुम्ही साहित्य विचारले आहे, आणि ते मी पुढे सांगणारच आहे. पण तुमच्या प्रश्नात काही गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत, त्यांकडे आधी पाहू या. ‘मोबाइलने बिघडवलेली मुले’ हे शब्द तुमच्या हातून सहज उतरले असतील. मात्र तेच मनात धरून तासाची आखणी केली, तर पहिल्याच शनिवारी वर्गाच्या लक्षात येईल की बाई आपल्याला सुधारायला आल्या आहेत, आणि मग मुले तुम्हाला हवी असलेली उत्तरे देतील व शाळा सुटल्यावर पूर्वीसारखीच वागतील. शिवाय ते वस्तुस्थितीला धरूनही नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते ही वार्ता एका दिवसात देशभर, इतकेच काय परदेशातल्या भारतीयांपर्यंतही पोहोचली. तेव्हा भारतात मोबाइल सेवा सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि ती मोजक्या लोकांच्या हातात होती. वार्ता पसरली ती घरच्या टेलिफोनवरून, शेजारच्या काकूंच्या तोंडून आणि दूरचित्रवाणीवरून. केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून प्रयोग केला आणि पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध ओढले जाऊन मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने ओघळते असे स्पष्टीकरण दिले.

माझ्या मते तुमच्या वर्गाचा पहिला गृहपाठ हाच असावा. मुलांनी घरातल्या थोरांना विचारायचे, की ती गोष्ट तुम्हाला कोणाकडून कळली, ती ऐकल्यावर तुम्ही काय केले आणि पुढे कोणाला सांगितली. कोणाच्या श्रद्धेविषयी मत मागायचे नाही, फक्त वार्तेचा प्रवास विचारायचा. आलेली उत्तरे फळ्यावर बाणांनी जोडली की मुलांना दिसते, की आपल्या घरातली समजूतदार माणसेसुद्धा ऐकलेले पुढे पाठवत होती आणि त्यामागे बहुतेकदा कोणाला फसवण्याचा हेतू नव्हता. त्यानंतर मोबाइलवर बोलणे सोपे जाते, कारण आता वर्गात आरोपी कोणीच नसतो.

दुसरे गृहीत असे, की माध्यमांचे शिक्षण म्हणजे खोटे पकडणे. हे मला अधिक धोक्याचे वाटते. वर्षभर मुलांपुढे केवळ बनावट छायाचित्रे आणि खोट्या बातम्याच मांडल्या, तर वर्षाअखेरीस ती हुशार होण्याऐवजी ‘सगळेच खोटे असते’ असे म्हणू लागतात, आणि असे म्हणणाऱ्या माणसाला फसवणे फारसे अवघड नसते, कारण तो शेवटी आपल्याला आवडेल त्यावरच विश्वास ठेवतो. ज्या बातमीदाराने ग्रामपंचायतीचे दप्तर तपासून बातमी दिली आणि ज्याने ऐकीव गोष्ट ढकलली, त्या दोघांत फरक करता येणे, विश्वास कुठे आणि किती ठेवावा हे ठरवता येणे, हे खरे काम आहे. ब्रिटनमध्ये माध्यमिक शाळांत माध्यम अभ्यास हा परीक्षेचा विषय आहे आणि तिथे त्याची उभारणी चार अंगांनी केलेली असते : माध्यमाची भाषा, त्यात कोणाचे कसे चित्रण होते, त्यामागचा उद्योग आणि त्याचा प्रेक्षक. खरे-खोटे हा त्यातला एक तुकडा आहे. तिथली उदाहरणे तुमच्या मुलांना परकी वाटतील हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण ही चार अंगे घेऊन उदाहरणे आपली वापरायला काहीच हरकत नाही.

आता मुलांना तुमच्यापेक्षा जास्त कळते याविषयी. त्यांना बटणे जास्त कळतात, हे मान्य. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी इतिहासाचे दहा जाणकार, पंचवीस पदवी विद्यार्थी आणि दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळे पारखायला दिली होती. इतिहासाचे जाणकार आणि विद्यार्थी बराच वेळ त्याच पानावर रेंगाळले, तिथली मांडणी, बोधचिन्ह, भाषा न्याहाळत बसले आणि पुष्कळदा फसले. तथ्यतपासनीस मात्र ते पान जवळजवळ लगेच सोडून दुसरीकडे गेले आणि ‘या लोकांविषयी इतर काय म्हणतात’ ते पाहून परत आले. लहानपणापासून उपकरण हाताळल्याने ही सवय लागत नाही. ती कोणीतरी लावावी लागते. आणि इतिहासाच्या शिक्षिकेला ती परकी नाही. साधन कोणी निर्माण केले, केव्हा, कशासाठी आणि दुसरे साधन त्याला दुजोरा देते का, हे तुम्ही बखर शिकवतानाही विचारताच.

यावरून साहित्याकडे येऊ. तुमच्या हातातले पहिले साहित्य तुमच्याच विषयाचे पुस्तक आहे. दहावीच्या सध्याच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा पाचवा पाठ आहे आणि त्यात माध्यमांतील माहितीचे चिकित्सक आकलन कसे करावे हेही आहे. परीक्षेच्या घाईत त्यातून ‘दर्पण’चे साल तेवढे पाठ होते. ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून छापलेल्या रोजनिशांचे प्रकरण या पाठाबरोबर घेतले, तर पूर्ण तास त्यावर रंगेल. कागदात आणि शाईत युद्धानंतरच्या काळातली द्रव्ये सापडल्याने ते बिंग फुटले. पण मुलांशी बोलायचे ते यावर, की अनुभवी संपादकांना ते आधी का दिसले नाही. मोठी रक्कम गुंतलेली होती, गुप्तता पाळायची होती आणि प्रतिस्पर्ध्याच्या आधी छापायचे होते. घाई, पैसा आणि आपल्यालाच पहिल्यांदा मिळाल्याचा आनंद या तीन गोष्टी नववीतल्या मुलाच्या अंगठ्यापाशीही असतात.

दुसरे साहित्य परिपाठ. तुमच्या शाळेत रोज कोणीतरी विद्यार्थी बातम्या वाचत असेलच. त्यात एवढाच बदल करा, की आठवड्यातून एकदा एकाच घटनेची बातमी दोन वृत्तपत्रांतून वाचली जावी आणि वाचणाऱ्याने वृत्तपत्राचे नाव, बातमीचे ठिकाण व ती कोणी दिली हे आधी सांगावे. ‘आमच्या प्रतिनिधीकडून’, वृत्तसंस्थेचे नाव, नुसते ‘सूत्रांनी सांगितले’ यांतला फरक मुलांच्या कानांवर अशा रीतीने पडत राहतो आणि शनिवारी त्याचे विवेचन करायला तुम्हाला आयता आधार मिळतो.

वृत्तपत्राचाच आणखी एक तुकडा मी सुचवीन, जो कोणी वाचत नाही. बहुतेक वृत्तपत्रांच्या एखाद्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक टायपात, पत्रकार ज्याला प्रिंटलाइन म्हणतात तो मजकूर असतो : मालक कोण, मुद्रक व प्रकाशक कोण, कुठल्या छापखान्यात छापले, संपादक कोण, आणि पुष्कळदा संपादकाच्या नावापुढे फुली टाकून ‘पीआरबी कायद्यानुसार जबाबदार’ असे. पीआरबी म्हणजे मुद्रणालये व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा. तो १८६७ चा, इंग्रजांच्या अमलातला. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा २०२३ च्या नव्या नोंदणी कायद्याने घेतली आहे, तरी ती जुनी अक्षरे तुम्हाला हाताशी असलेल्या अंकांत सापडतील. मुलांना भिंग द्या आणि ही ओळ शोधायला लावा. मग विचारा : काल तुमच्या गटात आलेल्या निरोपाखाली अशी ओळ आहे का? चुकीचे छापले तर कोणाच्या दारात जायचे, हे इथे लिहिलेले आहे. तिथे काय लिहिलेले आहे? हा प्रश्न मुलांना एकदा भिडला, की ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का असलेल्या मजकुराकडे ती वेगळ्या नजरेने पाहतात. छापील मजकूर तेवढ्याने खरा ठरत नाही, हेही त्याच वेळी सांगायला हवे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या वेळी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी वृत्तपत्रांत एकाच नेत्याचे गुणगान करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले होते, आणि त्या वर्षीच्या निवडणुकांतील ‘पेड न्यूज’च्या, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराच्या, तक्रारींसाठी प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली होती. दोन मजकूर शेजारी ठेवून सारख्या ओळींखाली रेघ मारणे, एवढेच तंत्र त्याला लागते, आणि ते नववीच्या मुलांना जमते.

चित्रणाविषयी शिकवायला तर गावातल्या एसटी स्थानकासमोरच्या फ्लेक्सइतके चांगले साहित्य दुसरे नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक फलक निवडा आणि मुलांना वहीत त्याची आकृती काढायला सांगा. सर्वांत मोठे छायाचित्र कोणाचे, वरच्या पट्टीतले लहान गोल चेहरे कोणाचे आणि कोणत्या क्रमाने, महापुरुषांना कुठे बसवले आहे, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून किती नावे आहेत, त्यांत बायकांची किती आणि त्यांचे छायाचित्र स्वतःचे आहे की पतीबरोबरचे, कोणी काळा चष्मा लावला आहे, कोण हात जोडून आहे आणि कोण मोबाइल कानाला लावून. यानंतर विचारा, की हा फलक नेमका कोणी कोणाला दाखवण्यासाठी लावला आहे. मुले आधी म्हणतील, ‘लोकांना’. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणेल की वरच्या पट्टीतल्या साहेबांना, आणि तिथे प्रेक्षक ही संकल्पना तुम्ही व्याख्या न सांगता शिकवून झालेली असते. फलक कोणत्याही एका पक्षाचा नको, निरनिराळ्या पक्षांचे दोन-तीन घ्या. त्यांतली रचना किती सारखी असते हे पाहून मुलांना हसू येते आणि सहकाऱ्यांच्या आक्षेपालाही परस्पर उत्तर मिळते.

जाहिरातींसाठी दहावीच्या निकालानंतरची वृत्तपत्रे जपून ठेवा. क्लासेसच्या पानभर जाहिरातींतले गुणवंतांचे चेहरे, त्यांखालची टक्केवारी, ताऱ्याची खूण आणि त्या ताऱ्याचे तळाशी असलेले स्पष्टीकरण हे सारे मुलांच्या जिव्हाळ्याचे आहे. एकच चेहरा दोन क्लासच्या जाहिरातींत दिसला, तर त्याने कुठे काय शिकले हा प्रश्न मुले आपणहून विचारतील. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, ज्यांत खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा असेही म्हटले आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये खास कोचिंग क्लासेससाठी वेगळी तत्त्वे आली. दावा पट्टीने मोजा, खुलासा पट्टीने मोजा. गणिताचे सर गुणोत्तर काढून देतील. पुढे मराठीच्या उपयोजित लेखनात मुले जाहिरात आणि बातमी लिहितात, तिथे हे सगळे कामी येते, आणि ‘हा तास परीक्षेच्या उपयोगाचा नाही’ असे कोणाला म्हणता येत नाही.

आता अवघड भागाविषयी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची होती : मोटारसायकलवरचे दोघे मुलाला उचलून नेतात आणि परत आणून सोडतात, मग मुले पळवणे किती सोपे आहे असा इशारा देणारा फलक दाखवतात. कोणीतरी परत आणून सोडण्याचा भाग कापला आणि जे उरले ते अपहरण झाले. चित्रफितीतली सगळी दृश्ये होती तशीच असून, केवळ शेवट गाळल्याने अर्थ उलटा होतो, हे संकलनाविषयी मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. ते वर्गात घ्या, पण मारहाणीची दृश्ये कदापि दाखवू नका आणि वर्गात भटक्या समाजातली मुले असतील तर त्यांच्याशी आधी बोला. चर्चेचा रोख ‘अडाणी लोकांनी केले’ असा जाऊ लागला तर तो थांबवून विचारा, की तो निरोप पुढे पाठवणाऱ्यांत शिकलेले किती असतील. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, हा तांत्रिक उपाय मुलांपुढे ठेवून ‘याने काय थांबेल आणि काय थांबणार नाही’ यावर लिहून घ्यावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या चित्रांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण मुले विचारतील. बोटे मोजा, सावली पाहा, असले नुस्खे मी शिकवणार नाही, कारण ते वर्षभरात जुने होतात. गावाच्या गटात बिबट्याचा फोटो आला तर तो कोणत्या शिवारात काढला, कोणी, केव्हा, आणि वनखात्याला कळवले का, हे चार प्रश्न फोटो यंत्राने केलेला असो, जुना असो की परगावचा, सारखेच लागू पडतात आणि त्यांची उत्तरे एका फोनवर मिळू शकतात. घरी नेट असलेल्या मुलांसाठी फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर या तथ्यतपासणी करणाऱ्या संस्थांची मराठी संकेतस्थळे आहेत. पीआयबीचा, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा, तथ्यतपासणी विभाग केंद्र सरकारविषयीचे दावे तपासतो. तो स्वतः सरकारचाच आहे, हेही मुलांना तपासायला लावा.

कात्रणांच्या झेरॉक्स काढताना बिचकू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हा भंग ठरत नाही, आणि प्रेक्षक शाळेतलेच असतील तर चित्रपट दाखवण्यालाही तिथे सूट आहे. मुलांचे चेहरे आणि त्यांच्या फोनमधले निरोप मात्र शाळेच्या गटावर टाकू नका. उदाहरणे नावे खोडून, कागदावर लिहून आणायला सांगा. तसे केले की पालकांचा आक्षेपही निम्मा गळतो, कारण तासाला मोबाइल लागतच नाही. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांना कण्णूरचे सांगा : केरळमधल्या या जिल्ह्यात लसीकरणाविषयी अफवा पसरल्यानंतर २०१८ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावाचे वर्ग घेतले, आणि मुलांमार्फत ते घरातल्या थोरांपर्यंत पोहोचावे हाही त्यामागचा विचार होता.

राजकारणाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तालुक्याच्या गावी शिक्षकाला त्याची किंमत मोजावी लागते. सुरुवातीचे दोन-तीन महिने थंडावलेल्या वादांवर काढा. सामाजिक सुधारणांवरून ‘केसरी’ आणि १८८८ मध्ये निघालेला ‘सुधारक’ यांच्यात जे झाले ते तुम्ही इतिहासात शिकवताच; दोन्हीकडचा एकेक उतारा ग्रंथालयातून मिळेल. चालू घटनांवर आलात की तुमचे मत राखून ठेवा, पुरावा मात्र प्रत्येकाकडून मागा, तुम्हाला पटणाऱ्या बाजूकडूनही.

हे सगळे वाचून पाहण्यापुरते राहू नये म्हणून सहामाहीत एकदा मुलांकडून काहीतरी करून घ्या. शाळेच्या हस्तलिखिताची परंपरा असेल तर फारच सोपे. एकाच घटनेची, समजा गावातल्या नळाला तीन दिवस पाणी न आल्याची, दहा-बारा तथ्ये सर्व गटांना द्या. एक गट जिल्हा वृत्तपत्राचा, एक नगरपंचायतीच्या पत्रकाचा, एक विरोधी गटाच्या पत्रकाचा, एक बोअरवेलवाल्याच्या जाहिरातीचा. खोटे एकही वाक्य लिहायचे नाही, फक्त निवडायचे आणि क्रम लावायचा. चारही कागद भिंतीवर शेजारी लागले की गुणदानही तुम्हाला सोपे जाईल : कोणी काय गाळले आणि का, हे ज्याला सांगता येईल त्याला गुण.

राहिला कंपनीचा संच. तो टाकाऊच असेल असे मी न पाहता म्हणणार नाही. संस्थाचालकांना सुचवा, की प्रतिनिधीकडून नमुन्याचे दोन पाठ मागवून ते तुमच्या वर्गात घेऊन पाहावेत. त्यांत मराठी वृत्तपत्रातले, आकाशवाणीवरचे किंवा मराठी वाहिनीवरचे एक तरी उदाहरण आहे का, संच वापरायला मुलांची नावे, वये किंवा पालकांचे क्रमांक कंपनीला द्यावे लागतात का आणि त्यांचे पुढे काय होते, नेट नसताना तो चालतो का, आणि दरवर्षी पुन्हा पैसे भरावे लागतात का, हे लेखी विचारा. संचाचीही प्रिंटलाइन शोधा. तो कोणी तयार केला आणि त्यात कोणत्या समाजमाध्यम कंपनीचा पैसा आहे, हे मुलांनाच काढायला दिले तर उत्तम. तेवढ्याच पैशांत वर्षभर वेगवेगळ्या तीन-चार वृत्तपत्रांची वर्गणी, एक बरा स्पीकर आणि झेरॉक्सचा खर्च भागेल का, याचा हिशेब मुख्याध्यापकांपुढे ठेवा. निर्णय दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लांबवता आला तर बरे, कारण तोवर तुमचे बरेच शनिवार होऊन गेलेले असतील आणि आपल्याला नेमके काय कमी पडते ते तुम्हाला प्रतिनिधीला सांगता येईल.